रंध्याची पाठचिकित्सा

हस्तलिखिताचा काळ ठरवताना अभ्यासक कागद, शाई आणि अक्षरवळण पाहतो. अमेरिकेतील जुन्या हातअवजारांचे संग्राहक हेच काम लोखंडावर करतात, आणि त्यांची पद्धत आपल्या पाठचिकित्सेला इतकी जवळची आहे की तिच्या मर्यादाही आपल्या ओळखीच्या वाटाव्यात.

लाकडी रंध्याचे पाते पाचरीने घट्ट बसवत आणि हातोडीच्या ठोक्यांनी कमी-जास्त करत. लेनर्ड बेली याने धातूच्या रंध्यात हे काम स्क्रूवर सोपवले. कनेक्टिकटमधील न्यू ब्रिटन येथील स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये त्याचे पेटंट-हक्क घेतले. १८७५ मध्ये दोघांचे बिनसले आणि बेली बाहेर पडला. पण १९०२ पासून रंध्याच्या पुढच्या अंगावर त्याचेच नाव ओतले जाऊ लागले. कर्ता गेला, नाममुद्रा उरली.

एका प्रकारच्या रंध्यात पात्याच्या बैठकीमागे तीन पेटंट-तारखा असतात: दोन १९०२ च्या, एक १९१० ची. अर्थात असा रंधा १९१० पूर्वीचा असू शकत नाही. दुसऱ्या महायुद्धात पितळेची टंचाई झाली, तेव्हा पाते खालीवर करणारी पितळी चकती कठीण रबराची झाली आणि शिसवी मुठींच्या जागी रंगवलेले साधे लाकूड आले. इतिहासाची खूण अशी हाताला लागते. मात्र एका रंध्याचा भाग दुसऱ्यात सहज बसतो. त्यामुळे येथेही प्रक्षेप आहेत, आणि संग्राहकाला ते ओळखावे लागतात.

तथापि ही कालगणना कारखान्याच्या फाटकाशी संपते. पुढची चाळीस-पन्नास वर्षे तो रंधा ज्याच्या हाती होता, त्या सुताराविषयी ती काही सांगत नाही. त्याने मुठीवर ठोकलेली आद्याक्षरे, धार लावून आखूड झालेले पाते, झिजलेला तळ हे सारे त्याचेच लेखन होय. बाजार मात्र त्याला दोष मानतो. न वापरलेल्या नगाला अधिक किंमत येते. हेन्री मर्सर याने १८९७ मध्ये पेनसिल्व्हेनियात टाकाऊ ठरलेली अवजारे जमवायला आरंभ केला, तो ती राष्ट्र घडवणाऱ्या हातांचा इतिहास सांगतात म्हणून. डॉइल्सटाउन येथील त्याचे संग्रहालय १९१६ मध्ये खुले झाले. त्याला कामकरी हात शोधायचा होता. कोरा नग हवा असणाऱ्याला तो पुसायचा असतो.

उलट पक्षी, जुना रंधा पुन्हा कामाला लावणारेही निर्दोष नाहीत. ते गंजासोबत मुठीवरची अक्षरेही घासून टाकतात, आणि चकाकीच्या हौसेत एक साक्ष नाहीशी होते.

आम्हांला वाटते, अवजार वापरावे. वापर हा त्याच्या पाठातला पुढचा अध्याय आहे. फक्त पहिल्या वाचकाची समासातली टीप खोडून आपली लिहू नये.