ऑलिंपिकचे अरण्य

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात, पॅसिफिक महासागराला भिडलेले एक द्वीपकल्प आहे. तेथील ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानात प्रवासी सकाळी दुरून हिमनद्या न्याहाळतो, दुपारी पर्जन्यवनात हिंडतो आणि सूर्यास्ताला खडकाळ सागरतीरी पोचतो. समुद्रावरून आलेले ढग पर्वताला अडतात. माथ्यावर हिम साचते, पश्चिमेच्या खोऱ्यांत पाऊस कोसळतो. होह नदीच्या खोऱ्यात वर्षाकाठी सुमारे १४० इंच, तोही बव्हंशी हिवाळ्यात.

निसर्गाने एकत्र नांदविलेली ही त्रयी कायद्याने एकत्र यायला मात्र अर्धशतकाहून अधिक काळ लागला. १८९७ साली अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी येथे राखीव वन केले. पण राखीव वन म्हणजे तोडबंदी नव्हे. एल्क जातीच्या हरणांची तर दातांसाठी कत्तल होई. घड्याळाच्या साखळीला तो दात अडकविण्याची त्या काळी हौस होती! थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ मध्ये, पायउतार होण्यास दोनच दिवस उरले असता, या हरणांसाठी येथे राष्ट्रीय स्मारक घोषित केले. १९१५ साली विल्सन यांनी ते जवळजवळ निम्म्याने छाटले. हिमशिखरे राहिली, मोलाचे वृक्ष बाहेर गेले. बर्फाला गिऱ्हाईक नसते, लाकडाला असते. १९३७ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट स्वतः येऊन पाहून गेले, आणि २९ जून १९३८ रोजी उद्यानाचा कायदा झाला. सागरतीराची पट्टी १९५३ साली जोडली गेली.

या साऱ्या वादात तेथील मूळ रहिवाशांना कोणी फारसे विचारले नाही. एल्व्हा नदीवर १९१३ आणि १९२७ साली विजेसाठी दोन धरणे उभी राहिली. माशांना वर चढण्यास वाटच ठेवली नव्हती. सामन मासा अडला, क्लॅलम जमातीचा घास हिरावला गेला. आपली उत्पत्ती ज्या खडकाशी झाली असे ते मानतात, तो खडकही पाण्याखाली गेला. २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणे पाडण्यात आली. तलाव आटताच तो खडक उघडा पडला, सामन वरच्या खोऱ्यात शिरला आणि २०२३ च्या शरदात जमातीची माणसे पुन्हा त्या नदीत मासेमारीला उतरली.