हेझलवूडची गाळलेली दोन पाने

१/१६
१३ मे १९८३. अमेरिकेतील मिसुरी राज्यात सेंट लुईस शहराच्या उत्तरेला असलेल्या उपनगरातील ‘हेझलवूड ईस्ट हायस्कूल’ ही सरकारी शाळा. तेथील ‘स्पेक्ट्रम’ या विद्यार्थी वृत्तपत्राचा अंक सहा पानांचा तयार झाला होता; वाचकांच्या हाती पडला तो चार पानांचा. गाळलेल्या त्या दोन पानांनी अमेरिकेतील शालेय वृत्तपत्रांचे भवितव्य ठरवले. त्याचा हा इतिहास.

२/१६
प्रथम ही वस्ती समजून घ्यायला हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील मध्यमवर्ग शहरे सोडून भोवतालच्या शेतजमिनींवर उभ्या राहिलेल्या नव्या वसाहतींत जाऊ लागला. सेंट लुईस परगण्याच्या उत्तर भागातील १३ ग्रामीण शालेय विभाग १९४९ ते १९५१ या काळात एकत्र आले आणि ७८ चौरस मैलांचा हेझलवूड शालेय विभाग निर्माण झाला. १९६७-६८ मध्ये तेथे १७,५५० विद्यार्थी शिकत होते; त्यांत कृष्णवर्णीय अवघे ५९.

३/१६
अशा नव्या उपनगरांना जुनी बाजारपेठ किंवा गावचा चौक नसे. त्यामुळे हायस्कूल हेच वस्तीचे केंद्र बनले. फुटबॉलचे सामने, वाद्यवृंद, नाटक, विद्यार्थी परिषद, वार्षिकांक आणि वृत्तपत्र हे सारे उपक्रम शाळेच्या छपराखाली चालत. नागरिकत्वाचे शिक्षण पुस्तकातून नव्हे, तर प्रत्यक्ष कामातून मिळावे, ही त्यामागची अमेरिकी शिक्षणविचारातील जुनी धारणा होती.

४/१६
‘स्पेक्ट्रम’ हा अशाच उपक्रमांपैकी एक. ‘पत्रकारिता-२’ या वर्गातील विद्यार्थी तो लिहीत, संपादित करीत आणि त्या कामाचे त्यांना गुण मिळत. साधारण दर तीन आठवड्यांनी अंक निघे. १९८२-८३ या वर्षात ४,५०० हून अधिक प्रती विद्यार्थी, शिक्षक व परिसरातील नागरिकांपर्यंत पोहोचल्या. त्या वर्षीचा छपाईखर्च ४,६६८.५० डॉलर, तर विक्रीतून आलेली रक्कम १,१६६.८४ डॉलर. उरलेला भार शालेय मंडळाने उचलला. हा हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढे न्यायालयात त्याला मोठे महत्त्व आले.

५/१६
या उपक्रमाला लिखित आश्वासनही लाभले होते. शाळेच्या पाठबळाने निघणारी प्रकाशने जबाबदार पत्रकारितेच्या नियमांत राहून केलेल्या मुक्त अभिव्यक्तीवर आणि भिन्न मतांवर बंधन घालणार नाहीत, असे मंडळाच्या धोरणात नमूद होते. मात्र ही प्रकाशने अभ्यासक्रमाचाच भाग आहेत, असेही तेच धोरण सांगत होते. पुढील सारा संघर्ष या दोन विधानांमधील फटीतून निर्माण झाला.

६/१६
२९ एप्रिल १९८३ रोजी वृत्तपत्राचे मार्गदर्शक शिक्षक नोकरी सोडून गेले. वर्ष संपत आले असताना नव्या शिक्षकांकडे ही जबाबदारी आली. प्रथेनुसार त्यांनी १० मे रोजी अंकाची प्रुफे मुख्याध्यापक रॉबर्ट रेनॉल्ड्स यांच्याकडे नेली. दोन लेखांपाशी मुख्याध्यापक थबकले.

७/१६
पहिला लेख शाळेतील तीन विद्यार्थिनींच्या गर्भारपणाच्या अनुभवांविषयी होता. नावे बदललेली होती; पण शाळेत त्या मुली सहज ओळखू येतील, तसेच लैंगिक संबंध व संततिनियमन यांचे उल्लेख धाकट्या विद्यार्थ्यांसाठी अनुचित आहेत, असे मुख्याध्यापकांना वाटले. दुसरा लेख आईवडिलांच्या घटस्फोटाचा मुलांवर होणारा परिणाम सांगणारा होता. त्यात एका विद्यार्थिनीने नावानिशी आपल्या वडिलांविषयी तक्रार केली होती. वडिलांना बाजू मांडण्याची संधी मिळालेली नव्हती.

८/१६
येथे एक विलक्षण योगायोग घडला. त्या विद्यार्थिनीचे नाव नव्या शिक्षकांनी अंतिम मजकुरातून आधीच वगळले होते. मुख्याध्यापकांच्या हाती आलेल्या प्रुफात मात्र ते कायम होते. दुरुस्तीसाठी अंक थांबवला तर वर्ष संपण्यापूर्वी तो निघणारच नाही, असा त्यांचा समज झाला. म्हणून त्यांनी ते दोन लेख ज्या पानांवर होते, ती दोन्ही पानेच काढून टाकण्याचा आदेश दिला. आक्षेप दोन लेखांवर होता, गळाले सहा. अल्पवयातील विवाह, घरातून पळून जाणारी मुले आणि बालगुन्हेगारी या विषयांवरील निर्दोष मजकूरही त्यांच्यासोबत गेला.

९/१६
कॅथी कुलमायर, लेस्ली स्मार्ट आणि लीअॅन टिपेट या ‘स्पेक्ट्रम’च्या तीन विद्यार्थिनींनी शालेय विभागाविरुद्ध दावा दाखल केला. त्यांचा आधार होता अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती, म्हणजेच भाषण व मुद्रण स्वातंत्र्याची हमी. आणि त्यांच्या बाजूने एक भक्कम पूर्वनिर्णयही होता.

१०/१६
डिसेंबर १९६५ मध्ये आयोवा राज्यातील डी मॉइन शहरातील काही विद्यार्थ्यांनी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळ्या फिती बांधल्या. शाळेने त्यांना घरी पाठवले. मेरी बेथ टिंकर ही त्यांतली एक मुलगी तेव्हा १३ वर्षांची होती. २४ फेब्रुवारी १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला. शाळेच्या कामकाजात ठोस व्यत्यय येत नसेल किंवा इतरांच्या हक्कांवर आक्रमण होत नसेल, तर विद्यार्थ्यांची अभिव्यक्ती दडपता येणार नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

११/१६
हेझलवूडचा खटला मात्र हेलकावे खात राहिला. १९८५ मध्ये जिल्हा न्यायालयाने शाळेची बाजू उचलून धरली. १९८६ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला: ‘स्पेक्ट्रम’ अभ्यासक्रमाचा भाग असला तरी तो विद्यार्थ्यांच्या मतांचे व्यासपीठही आहे, म्हणून ‘टिंकर’ची कसोटीच लागू होते. शालेय विभाग सर्वोच्च न्यायालयात गेला. १३ ऑक्टोबर १९८७ रोजी तेथे युक्तिवाद झाले. त्या वेळी न्यायमूर्ती पॉवेल निवृत्त झाल्याने नऊपैकी एक आसन रिकामे होते.

१२/१६
१३ जानेवारी १९८८. शाळेच्या बाजूने ५ विरुद्ध ३ असा निकाल लागला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी लिहिले. त्याचे सार असे: विद्यार्थ्याने स्वतःहून व्यक्त केलेले मत सहन करणे ही एक गोष्ट, आणि शाळेने आपले नाव, पैसा व वर्ग देऊन त्या मताला पाठबळ देणे ही दुसरी. पहिल्याला ‘टिंकर’ लागू, दुसऱ्याला नाही. शिक्षणाच्या रास्त उद्दिष्टाशी वाजवी संबंध असेल, तर अशा प्रकाशनावर शाळेचे नियंत्रण वैध ठरते. छपाईखर्चाचा तो हिशेब येथे निर्णायक बाजूला उभा राहिला.

१३/१६
न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी तीव्र भिन्नमत नोंदवले. मार्शल व ब्लॅकमन त्यांच्याशी सहमत होते. चार शब्द खोडणे, मजकुराची मांडणी बदलणे, अंक थोडा लांबवणे असे सौम्य उपाय असताना मुख्याध्यापकांनी त्यांचा विचारही केला नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्यांचा मुख्य सल मात्र अधिक खोल होता. हेझलवूडच्या मुलांना शाळेकडून नागरिकशास्त्राचा धडा अपेक्षित होता. न्यायालयाने त्यांना भलताच धडा दिला, असे त्यांचे म्हणणे होते.

१४/१६
दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच हा खटला आजही अभ्यासला जातो. ओळखू येण्याजोग्या गर्भवती मुलीच्या खासगीपणाचे रक्षण ही क्षुल्लक बाब नव्हे. पण शाळेच्या भिंतींआड मुले जे प्रत्यक्ष जगत होती, ते त्यांनीच लिहू नये, हा संदेशही तितकाच गंभीर होता. शिवाय ‘रास्त शैक्षणिक उद्दिष्ट’ हा शब्दप्रयोग इतका सैल आहे की त्यात विद्यार्थ्यांच्या हिताइतकीच संस्थेची अब्रू वाचवण्याची धडपडही बसू शकते.

१५/१६
ही भीती निराधार नव्हती. डेट्रॉइटजवळच्या युटिका हायस्कूलमध्ये केटी डीन या विद्यार्थिनीचा लेख शाळेने छापू दिला नाही. विषय होता शाळेच्या बसगाड्यांच्या डिझेल धुराबद्दल एका दांपत्याने शालेय विभागावरच केलेला दावा. २००४ मध्ये संघराज्य न्यायालयाने हेझलवूडचीच कसोटी लावून ही बंदी अवैध ठरवली. त्याच वेळी राज्यांनी कायद्याचा मार्ग धरला. कॅलिफोर्नियाचे संरक्षण १९७७ पासूनचे होते. निकालानंतर मॅसॅच्युसेट्स १९८८ मध्ये, आयोवा १९८९ मध्ये, कोलोरॅडो १९९० मध्ये आणि कॅन्सस १९९२ मध्ये पुढे आले. आज डझनाहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत.

१६/१६
कॅन्ससच्या त्या कायद्याचे फळ २०१७ मध्ये दिसले. पिट्सबर्ग हायस्कूलच्या विद्यार्थी पत्रकारांनी नव्याने नेमलेल्या मुख्याध्यापकांच्या पदव्यांची छाननी करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही दिवसांतच त्या मुख्याध्यापकांनी पद सोडले. हेझलवूडच्या तिघी मात्र निकालापूर्वीच शाळेबाहेर पडल्या होत्या; त्यांच्या हाती काही आले नाही. पण एखादे शालेय वृत्तपत्र कोणाचे, खर्च करणाऱ्या शाळेचे की लिहिणाऱ्या मुलांचे, हा प्रश्न त्यांनी देशापुढे ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने त्याचे एक उत्तर दिले. राज्ये आजही दुसरे उत्तर लिहीत आहेत.