स्कॉटलंड यार्ड
स्कॉटलंड यार्ड : चोर-पोलीस पाठलागावर आधारलेला जर्मन बैठा खेळ. राव्हेन्सबुर्गर या प्रकाशनसंस्थेने 1983 मध्ये तो बाजारात आणला आणि त्याच वर्षी त्याला जर्मनीतील ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. नाव लंडनच्या पोलीस मुख्यालयाचे. पटही मध्य लंडनच्या नकाशाचा, क्रमांक घातलेल्या थांब्यांनी भरलेला.

तीन ते सहा जण खेळतात. एक जण फरारी ‘मिस्टर एक्स’ होतो, बाकीचे गुप्तहेर. टॅक्सी जवळच्या थांब्यावर नेते, बस त्याहून लांब, भुयारी रेल्वे सर्वांत दूर. प्रत्येक प्रवासाला तिकीट खर्चावे लागते. मिस्टर एक्स आपला थांबा गुपचूप लिहितो आणि त्यावर वापरलेले तिकीट ठेवतो. त्यामुळे तो कशाने गेला ते कळते, कुठे गेला ते कळत नाही. ठरावीक खेळ्यांनंतर, म्हणजे तिसऱ्या, आठव्या, तेराव्या आणि अठराव्या वेळी, त्याला प्रकट व्हावेच लागते. काळे तिकीट वाहनही लपवते. थेम्स नदीतील बोटीला तेच चालते. गुप्तहेरांनी खर्चलेली तिकिटे मिस्टर एक्सच्या हाती जातात, ही खाशी खोच. पाठलाग करणाराच चोराच्या प्रवासखर्चाची सोय करतो!

फाशांचा यात संबंध नाही. गुप्तहेर उघडपणे खलबते करतात, चोर ती ऐकत बसतो; त्याची नजर कुठे वळते ते दिसू नये म्हणून डब्यात डोळ्यांवर झाप येणारी टोपीही मिळते. आपल्याकडच्या राजा-राणी-चोर-शिपाईत चिठ्ठी आणि चेहरा यांवर भागते, इथे मात्र नकाशा वाचता यावा लागतो.