चाकाची वंशावळ

"गुरुजी, जरा इकडे या. ही रेघ बघा," असे म्हणून मिस्त्रींनी चाकावर नख टेकवले, तेव्हा मला आधी काही दिसलेच नाही. मग त्यांनी डिझेलचा बोळा फिरवला आणि दोन भोकांच्या मधोमध केसाएवढी काळी चीर उमटली.

गेल्या भाद्रपदातली ही गोष्ट. शेतात झेंडू कळीवर आलेला, दसरा-दिवाळीचा माल पुण्याला न्यायचा, आणि तो नेणारा आमचा छोटा पिकअप असा एका चाकासाठी अडलेला! गाडी महिंद्राची, जीपच्या घराण्यातली, 1980च्या दशकातली. अप्पांनी घेतली तेव्हाच ती दुसऱ्या हातची होती. तिला दोष देण्याजोगे काही नव्हते. पेलेल त्याहून अधिक पोती वर्षानुवर्षे आम्हीच तिच्या पाठीवर लादली होती.

"वेल्डिंग मारून घेऊ," दादा म्हणाला. "दिवाळी निघू दे, मग बघू."

मिस्त्रींनी मान हलवली. चाकाची पोलादी तबकडी, जिला बाजारात 'डिस्क' म्हणतात, ती दर फेऱ्याला किंचित वाकते आणि सावरते. वेल्डिंगच्या आचेने भोवतालच्या पोलादाचा गुण बदलतो आणि टाक्याच्या कडेनेच पुन्हा चीर निघते. मी रात्री हिशेब मांडला. आमच्या टायरचा घेर सव्वादोन मीटरांच्या आत. म्हणजे किलोमीटरला साडेचारशे फेरे. पुणे आमच्यापासून नव्वद किलोमीटर. एका खेपेत, नुसते जाताना, ते चाक चाळीस हजार वेळा वाकणार! मालाबरोबर रात्रीच्या अंधारात वहिनी आणि धाकटा केबिनमध्ये बसून जातात. दादाला हिशेब दाखवला. तो काही बोलला नाही, पण वेल्डिंगचे नावही त्याने पुन्हा काढले नाही.

आता चाक शोधायचे काम माझ्याकडे आले. घरात रिकामा मनुष्य मास्तरच! पहिल्या दुकानात मला विचारण्यात आले, "पीसीडी किती?" मी कादंबऱ्या लिहितो, हा शब्द मला ठाऊक नव्हता. दुकानदाराने समजावले, की नटांची भोके ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास तो पीसीडी. आता भोके पाच असली म्हणजे एकासमोर एक भोक येतच नाही. मग व्यास मोजावा कसा? माझी भूमिती मॅट्रिकला जी सुटली ती सुटलीच. शाळेतल्या गणिताच्या सरांनी तोड सांगितली : एक भोक सोडून पुढच्या भोकापर्यंत मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि 0.951ने भागा. मी मोजले, 133 मिलिमीटर भरले. भागाकार आला जवळजवळ 140. सर हसून म्हणाले, "नेमके 139.7 असणार. म्हणजे साडेपाच इंच."

साडेपाच इंच! मिलिमीटरमध्ये मोजणाऱ्या आपल्या देशात हे इंच आले कुठून? चाक शोधायला निघालेला मी या एका आकड्यापाशी अडकलो.

हा आकडा अमेरिकेतून आला. युद्धापूर्वीच्या फोर्डच्या मोटारींवर हे वर्तुळ होतेच. 1940च्या जुलै महिन्यात अमेरिकन लष्कराने एक हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी म्हणून 135 कंपन्यांना विचारणा केली. पहिला नमुना 49 दिवसांत हवा होता. पेन्सिल्व्हेनियातील बटलर गावच्या बॅन्टम या लहानशा कंपनीने कार्ल प्रोब्स्ट नावाच्या अभियंत्याला हाताशी धरून तो 23 सप्टेंबर रोजी पोचता केला. पुढे मोठी कामे विलिज आणि फोर्ड यांना मिळाली, बॅन्टम मागे पडली. (इतिहासात असे नेहमीच होते, त्याचे नवल नको.) युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. लष्कराचा हट्ट असा, की फोर्डचे चाक विलिजला बसलेच पाहिजे. रणांगणावर कोणाची गाडी कोणी बांधली हे बघत बसायला वेळ कोणाला? फोर्ड आपल्या सुट्या भागांवर लहानसा 'एफ' ठोकी, एवढीच काय ती ओळख. चाक सोळा इंची, भोके पाच, वर्तुळ साडेपाच इंचांचे. डाव्या बाजूच्या चाकांचे नट मात्र उलट्या आट्यांचे. ती खोड आमच्या गाडीतही उतरली आहे. मिस्त्रींचा नवा पोऱ्या पान्यावर उभा राहून डाव्या चाकाचा नट सोडवण्याऐवजी आणखी आवळीत होता!

ज्या महिंद्रांनी ही जीप आपल्याकडे आणली, त्यांची कंपनी 1945 साली निघाली ती पोलादाच्या व्यापारासाठी. तिचे एक भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि 1951 साली तिथले गव्हर्नर जनरल झाले. मुंबईत माझगावला विलिजच्या जीपगाड्या सुट्या भागांतून जोडल्या जाऊ लागल्या, आणि साडेपाच इंचांचे ते वर्तुळ इथे रुजले.

त्याआधीची चाके वेगळीच होती. आपल्या बैलगाडीसारखे लाकडी आरे असलेली चाके मोटारींनाही असत. फोर्डची प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडी बराच काळ त्यांच्यावरच धावली. आणि आपण ज्याला स्टेपनी म्हणतो ते नाव तर वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्याचे! 1904च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाकाची युक्ती काढली. आरे नसलेली टायरसकट एक धाव, पंक्चर झालेल्या चाकावर चिमट्यांनी बसवायची आणि घर गाठायचे. त्यांचे दुकान केव्हाच गेले, पण आमच्या खेड्यातले पोरसुद्धा "स्टेपनी आहे का?" असेच विचारते.

असो. वंशावळ हाती आली तसे नातेवाईक सापडू लागले. थार, जिप्सी, सर्वांना पाच भोके आणि तेच वर्तुळ. पुण्याच्या जुन्या बाजारात जिप्सीची डिस्क मिळाली, तेव्हा मी हर्षभराने ती उचलून आणली. मिस्त्रींनी ती बसवली; भोके अचूक जुळली. पण ते चाक पंधरा इंची. शिवाय तबकडी आत-बाहेर किती असावी याचे माप वेगळे, त्यामुळे टायर पाट्यांकडे सरकले. "गोत्र जुळलं, पत्रिका नाही जुळली," मिस्त्री म्हणाले. चाक परत गेले.

दुसऱ्या एका ठिकाणी चंदेरी रंगाची झकास डिस्क दिसली. विक्रेत्याने ती नवी म्हणून सांगितली. मिस्त्रींनी ती दोरीला टांगली आणि लहान हातोडीने हलकेच ठोकली. रेल्वेचे लोक पूर्वी चाके ठोकून पाहत तशी. आवाज भद्द आला. खिळ्याने रंग खरवडला, तर खाली वेल्डिंगचा टाका! दादाने तो पाहिला आणि आमच्याकडे न बघता बाहेर जाऊन उभा राहिला.

अखेर चाक सापडले ते तीन कोसांवरच्या वस्तीवर. तिथे इंजिन नसलेली एक जुनी जीप गोठ्याच्या आडोशाला ठोकळ्यांवर उभी होती आणि तिची चाके कडब्याच्या ताडपत्रीवर वजन म्हणून ठेवली होती. म्हातारबाबा एक चाक द्यायला तयार होईनात, म्हणाले, "जोडी न्या, नाही तर राहू द्या." जोडी घेतली. दोन्ही टांगून ठोकली, गंज खरवडला, नट बसतात ती उतरती कड तपासली, गाडीवर फिरवून पुढे लाकडी काठी धरली. एक जरा लहरत होते, ते स्टेपनीला ठेवले. दुसरे दादाने स्वतः बसवले. नट एकाआड एक आवळले आणि पन्नास किलोमीटरनंतर रस्त्याच्या कडेला थांबून पुन्हा आवळले.

चिरलेले चाक भंगारवाला वजनावर मागत होता. अप्पांनी दिले नाही. त्यांनी मिस्त्रींकडून गॅसने त्याचे आपल्यासमोर दोन तुकडे करून घेतले, ते थंड होईपर्यंत बाजेवर बसून राहिले, आणि मग म्हणाले, "आता ने."