जुन्या मोटारीचा नवा पत्रा

मोटारगाडीच्या पहिल्या तीसएक वर्षांत तिच्या अंगावरील पत्र्याला आच्छादनापलीकडे फारसे महत्त्व नव्हते. खाली भक्कम पोलादी चौकट, तिच्यावर इंजिन, धुरे व कमानी, आणि या सर्वांच्या वर, घोडागाड्या बांधण्याचे पिढीजात कसब असलेल्या कारागिरांनी ॲश वृक्षाच्या लाकडाचा सांगाडा उभारून त्यावर हाताने घडवून बसविलेला ॲल्युमिनियमचा अथवा पोलादाचा पत्रा, अशी तिची रचना असे. आपल्याकडील संस्थानिकांनी त्या काळी विलायतेहून मागविलेल्या मोटारी बहुधा याच जातीच्या होत्या. अशा गाडीचा पत्रा चेमटला तर तो उतरवून वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीने सारखा करावा, सडला तर त्याच्या मापाचा दुसरा घडवावा. गाडीच्या चालण्याला त्यामुळे बाधा येत नसे, कारण गाडीचा भार वाहण्याचे काम त्या पत्र्याकडे मुळी सोपविलेलेच नव्हते.

ही व्यवस्था पालटण्यास प्रारंभ केला तो फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड या कारखानदाराने. १९१२ साली त्याने स्थापन केलेल्या कंपनीत लाकडाला फाटा देऊन, पोलादी साच्यांत प्रचंड दाबाखाली उठविलेले पत्रे परस्परांस जोडून सबंध पोलादी अंग तयार होऊ लागले, आणि १९१४ साली डॉज बंधूंनी आपल्या नव्या गाडीसाठी अशा अंगांची मोठी मागणी नोंदविल्यावर या प्रयोगाला व्यापाराचे अधिष्ठान लाभले. याच बडच्या भागीदारीत विल्यम मॉरिस या इंग्रज मोटार-कारखानदाराने १९२६ साली ऑक्सफर्डनजीक काउली येथे प्रेस्ड स्टील कंपनी काढली व इंग्लंडातही पत्र्याचे साचे अवतरले. दोन पत्रे तांब्याच्या दोन टोकांमध्ये दाबून धरावेत, त्यांतून क्षणमात्र तीव्र विद्युत्प्रवाह सोडावा, आणि तेवढ्याच बिंदूपुरते लोखंड वितळून दोन्ही पत्रे एकजीव व्हावेत, ही जोडण्याची रीत कारखान्यांत रूढ झाली, आणि एका गाडीच्या अंगावर असे हजारो ठिपके पडू लागले.

त्यानंतरची पायरी अशी, की अंगच जर इतके बळकट होते तर खालच्या वेगळ्या चौकटीचे प्रयोजन काय, असा प्रश्न अभियंत्यांना पडला. लॅन्चिया कंपनीने १९२२ साली या दिशेने पाऊल टाकले होते. १९३४ साली सिट्रोएनने बडच्याच तंत्राचे साहाय्य घेऊन पुढच्या चाकांनी ओढली जाणारी आपली प्रसिद्ध गाडी चौकटीवाचून बाजारात आणली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत सर्वसामान्य गाड्यांचा शिरस्ता बनली. नारळाची करवंटी जशी आत कोणताही वासा नसताना केवळ आपल्या आकाराच्या बळावर दाब सोसते, तशी ही नवी मोटार केवळ दुमडलेल्या व जोडलेल्या पत्र्याच्या बळावर उभी राहिली. गाडी हलकी झाली, स्वस्त झाली. मात्र सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर तिचे आयुष्य अवलंबून राहिले, आणि ज्या पोकळ पेट्यांच्या योगाने तिला ताठपणा आला त्याच पेट्यांत पाणी, चिखल व हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर पसरलेले मीठ साचून गंज आतून बाहेर वाढू लागला. रंगावर पहिला फोड दिसावा तोवर आतला पत्रा अर्धाअधिक गेलेला असे.

गंजलेल्या अंगात नवा पत्रा वितळजोडाने बसविण्याच्या हुन्नराला इंग्लंडात खरी चालना मिळाली ती सरकारी हुकमाने, हौसेचा भाग त्यात पुढे आला. वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांच्या कारकिर्दीत १९६० साली दहा वर्षांवरील गाड्यांची वार्षिक तपासणी सुरू झाली. १९६७ पासून ती तीन वर्षांवरील गाड्यांना लागू झाली. आरंभी ब्रेक, दिवे व स्टिअरिंग एवढ्यापुरती असलेली ही तपासणी पुढे अंगाच्या गंजापर्यंत पोहोचली. तेव्हापासून तपासनीसाच्या हाती गाडीचे मरण आले. त्याने ठोकून व दाबून पाहावे, आणि ब्रेक, स्टिअरिंग, कमानी किंवा आसनपट्टे जेथे अंगाला जखडलेले असतात त्या जागेपासून तीस सेंटिमीटरांच्या आत पत्रा सडलेला आढळला तर दाखला नाकारावा. तेथे ठिगळ लावायचे तर ते कडेने अखंड वितळजोड देऊन लावलेले असावे, असा दंडक पडला. ज्याला नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती अशा सामान्य माणसाला गल्लीतल्या वेल्डरचे दार ठोठावावे लागले, आणि या तगाद्यातून इंग्लंडच्या गावोगावी एक नवा धंदा व दुरुस्तीच्या पत्र्यांचा स्वतंत्र बाजार उभा राहिला.

या इतिहासाचे एकच उदाहरण घ्यायचे तर मी एमजीबी ही उघडी दोन आसनी गाडी घेईन. सिड एनेव्हर यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेली ही गाडी १९६२ ते १९८० या अवधीत ॲबिंग्डन येथील कारखान्यातून बाहेर पडली, आणि तिच्या निरनिराळ्या आवृत्त्या मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिच्या आधीची एमजीए वेगळ्या चौकटीवर बसविलेली होती. एमजीबीला चौकट नव्हती. आता छप्पर नसलेल्या गाडीला चौकटही नसेल तर तिचे पुढचे अर्ध व मागचे अर्ध एकमेकांस धरून ठेवणार कोण? हे काम दोन्ही दारांखालून जाणाऱ्या, ‘सिल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोकळ तुळयांकडे आले. बाहेरून साधी दिसणारी ही तुळई एका पत्र्याची नसते. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, या दोहोंच्या मधोमध उभा धरलेला तिसरा पडदा, आणि खाली किल्ल्याच्या तटावरील चऱ्यांप्रमाणे खाचा असलेली आणखी एक पट्टी, असे चार अवयव एकत्र जोडले की ती पुरी होते. पुढचे मडगार्ड व मागची बाजू या तुळईच्या दोन्ही टोकांवर उतरलेली असतात, त्यामुळे तिचा जो भाग नजरेस पडतो त्याहून बराच भाग झाकलेला राहतो. आणि पुढच्या मडगार्डाच्या आत रबरी पट्टी कडक होऊन चिखल आत शिरला की पहिला घाला पडतो तो नेमका त्या झाकलेल्या टोकावर.

अशी तुळई बदलणे हे काम धीराचे आहे, आणि त्यातील क्रम चुकला तर गाडी कायमची वाकडी होते. जाणता कारागीर प्रथम गाडी समतल आधारांवर ठेवतो, दार लावून त्याच्या भोवतीच्या फटी मापून लिहून ठेवतो, आणि मग दाराच्या मोकळ्या चौकोनात लोखंडी आडणा तात्पुरता जोडून पुढचे व मागचे अंग परस्परांस बांधून टाकतो. कारण सिल कापल्यावर या दोहोंना धरणारे दुसरे काहीच उरत नाही. पुढचे मडगार्ड बोल्टांवर असल्याने निघते, मागची बाजू मात्र जोडलेली असल्याने तिचा खालचा पट्टा कापावाच लागतो. कारखान्याचे मूळ ठिपके एकेक करून विशिष्ट ड्रिलने असे सोडवावे लागतात की वरचा सडका पत्रा सुटावा आणि खालचा चांगला पत्रा शाबूत राहावा. एका वेळी एकच बाजू, आणि त्या बाजूचेही सारे थर एकदम न कापता एकामागून एक, हा नियम मोडू नये. नवा पत्रा चापांनी धरून, दार पुन्हा पुन्हा लावून, फटी पहिल्या मापाशी जुळल्यावरच वेल्डिंगचा पहिला टाका पडतो.

वेल्डिंगच्या साधनांनीही या धंद्याचे रूप पालटले. ॲसिटिलीन प्राणवायूत जाळल्यास तीन हजार अंशांहून अधिक उष्ण ज्योत मिळते, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए याने १८९५ साली दाखविले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या ज्योतीचा व्यवहारोपयोगी बर्नर सिद्ध झाला. पुढची सहा-सात दशके पत्र्याच्या दुरुस्तीवर गॅसचेच राज्य होते. गॅसचा जोड मऊ असतो, हातोडीखाली नमतो, आणि ज्याच्या हाताला सवय आहे असा मनुष्य तांबूस असतानाच तो ठोकून पत्र्याशी समरेख करतो. परंतु ती ज्योत सभोवारचा पत्राही तापविते व तापलेला पातळ पत्रा फुगून वेडावाकडा होतो, म्हणून हे कौशल्य थोड्यांच्याच हाती राहिले. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत सिद्ध झालेली, वायूच्या आच्छादनाखाली सतत पुढे सरकणारी तार वितळविण्याची पद्धत, जिला आज सर्वत्र ‘मिग’ म्हणतात, प्रथम मोठ्या कारखान्यांसाठी होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून तिची लहान यंत्रे घरगुती ऐपतीत आली, तेव्हा नव्या पत्र्याच्या काठाला छिद्रे पाडून त्यांतून खालच्या पत्र्यावर वितळ ओतावी व मूळ ठिपक्यांचे अनुकरण करावे, ही रीत शाळामास्तर व कारकूनही आपल्या घराशेजारच्या छपरीत शिकू लागले. थोडे जोडावे, थांबावे, निवू द्यावे, दुसऱ्या टोकाला जावे, एवढे पथ्य पाळले की पत्रा फारसा फुगत नाही.

येथे एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. तपासणीच्या दाखल्यापुरती सोय म्हणून सडक्या सिलवर दुसरी सिल चढवून, तिच्या कडेने पुट्टी भरून, वर जाड काळा लेप फासण्याचा प्रघात त्या काळात फार माजला होता. त्या झाकणाखाली गंज पूर्वीहून वेगाने वाढे, आणि विकत घेणाराला आपण काय घेतले हे गाडी मध्येच दबून दारे बसेनाशी झाल्यावर कळे. जोड झाकण्याला माझा विरोध नाही, सुबक जोड झाकावाच लागतो. पण जोडाचा आभास निर्माण करणे ही गाडीत बसणाऱ्याच्या जिवाशी केलेली प्रतारणा आहे, आणि या कलेच्या इतिहासात तिला क्षमा नाही.

ॲबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद पडला, तेव्हा एमजीबीच्या अंगाचे साचे निरनिराळ्या कारखान्यांत व उपकंत्राटदारांकडे विखुरलेले होते. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने डेव्हिड बिशप यांच्या पुढाकाराने ते शोधून काढले, दुरुस्त केले, आणि १९८८ साली एमजीबीचे संपूर्ण नवे अंग पुन्हा तयार करून विक्रीस ठेवले. एका मेलेल्या गाडीचे अंग मूळ साच्यांवर पुन्हा जन्माला यावे, ही त्या काळी अपूर्व घटना होती. पुढे १९९२ साली रोव्हर कंपनीने आणलेल्या एमजी आरव्ही-८ या सुमारे दोन हजारांच्याच मर्यादेत निघालेल्या गाडीचा पायाही याच अंगावर घातला गेला. मूळ साच्यातून निघालेला पत्रा जागेवर आपसूक बसतो. बाजारू अनुकरणाचा पत्रा ओढूनताणून, कापूनकुरतडून बसवावा लागतो. ज्याने दोन्ही हाताळले आहेत त्याला साच्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु सारे अंगच नवे घेतले तर गाडी जुनी राहिली काय? इंग्लंडच्या नोंदणी खात्याने यावर गुणांची तजवीज केली होती: गाडीला जुना क्रमांक टिकविण्यासाठी आठ गुण लागत, आणि त्यांतील पाच गुण एकट्या चौकटीला किंवा चौकटीवाचूनच्या अंगाला. दप्तरी निकाल म्हणून हे ठीक होते. माझे मत असे, की जो पत्रा अद्याप भार वाहू शकतो तो काढण्याचा अधिकार आपल्याला नाही. नवे अंग घ्यावे ते जुने खरोखर गतप्राण झाल्यावर, आणि एरव्ही सडका तेवढाच भाग कापून चांगला तेवढा राखावा, मग त्यात दुप्पट वेळ का जाईना.

आपल्या देशातही ही विद्या वाढली, पण निराळ्या कारणाने. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेचे अंग उत्तरपाड्यास येऊन तेथे ॲम्बॅसेडर झाले व २०१४ पर्यंत निघत राहिले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यास १९५४ पासून फियाट ११०० घडविली, जी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने मुंबईच्या टॅक्सीचे रूप घेऊन २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. या दोन्ही गाड्या चौकटीवाचूनच्या. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे अशा त्या काळात, मुंबईच्या पावसाने व खाऱ्या हवेने खाल्लेली गाडी टाकून देणे परवडत नसे; आणि येथील डेंटर तयार पत्र्याची वाट न पाहता सपाट पत्रा ऐरणीवर ठोकून मडगार्डाचा बाक, तळाचा उतार, सिलची दुमड हातानेच उठवी, गॅसने टाके मारी आणि पाना-हातोडीने फटी जुळवून देई. इंग्लंडात जे ज्ञान साच्यात साठविले गेले ते येथे माणसांच्या मनगटात राहिले, म्हणूनच त्याची नोंद कोठे झाली नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या व लक्षणीय फेरफार न झालेल्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले. मूळ स्वरूप कोणते, हे पुराव्याने दाखवायचे तर पुरावा जपलेला असला पाहिजे. ज्यांच्या गॅरेजात फियाट, लँडमास्टर वा ॲम्बॅसेडर यांची पार्ट-बुके, मापांचे कागद, एखादा साचा किंवा न वापरलेला कंपनीचा पत्रा पडून असेल, त्यांनी तो भंगारवाल्याच्या हाती देऊ नये. ज्यांची गाडी आज डेंटरकडे उभी आहे त्यांनी सडका भाग कापण्यापूर्वी त्याचे छायाचित्र व माप घ्यावे, कापलेला तुकडा निदान काम पुरे होईतो फेकू नये. आणि ज्या वृद्ध कारागिराला गॅसच्या ज्योतीवर पत्रा सरळ ठेवण्याचे कसब अवगत आहे, त्याच्याजवळ बसून ते तो सांगेल त्या क्रमाने लिहून घ्यावे.