रोजकीर्दींतील भाजीपाला : बाजार, फराळ व साधा आहार यांच्या इतिहासाचीं साधनें

लढाया, तह, वतनें व वंशावळी यांच्या कागदांस आपल्या संग्राहकांनीं आजवर जितका मान दिला, तितका कोठीच्या व बाजाराच्या कागदांस दिलेला नाहीं. एखाद्या जुन्या वाड्यांतून दप्तराचे रुमाल बाहेर निघाले म्हणजे सनदा, निवाडपत्रें व शिक्क्याचीं पत्रें अगोदर वेगळीं काढलीं जातात. भाजीपाला, तेल, मीठ, गूळ व पत्रावळी यांच्या किरकोळ खर्चाचे बंद बाजूस पडतात, आणि पुष्कळदां रद्दीच्या तागडींत जातात. वस्तुतः मनुष्य लढाईवर आयुष्यांत कधीं काळीं जातो, बाजारास आठवड्यास जातो आणि ताटावर मात्र दिवसांतून दोन वेळां बसतो. ज्या गोष्टीशीं सर्वांचा सर्वकाळ संबंध, तिच्याच साधनांविषयीं आपण उदासीन असावें, हें चमत्कारिक खरें. या उदासीनतेमुळें हानि कोणती होते, तें दाखविण्याचा आम्ही येथें यत्न करणार आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, साध्या खाण्याचा इतिहास पदार्थाच्या नांवावरून ठरवूं नये, जिनसांवरून ठरवावा. आणि जिनसांचा रोजचा पुरावा पाकशास्त्राच्या पोथीपेक्षां बाजाराच्या कागदांत अधिक सांपडतो.

प्रथम पोथ्यांचा विचार करूं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा ग्रंथ शके १०५१ च्या, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत गजानन कुशाबा श्रीगोंदेकर यांनीं तो संपादिला असून पहिला खंड १९२५ व दुसरा १९३९ सालीं निघाला. त्यांतील अन्नभोगाच्या प्रकरणांत मंडक, पोलिका, पूरिका, वटिका, धोसक, इडरिका अशीं नांवें येतात. मांडे, पोळी, पुरी व वडा हीं आपल्या ओळखीचींच. पण ‘इडरिका’ हा शब्द वाचून आजची इडलीच तेव्हां होती असें जो म्हणेल, तो फसेल. ग्रंथांतील इडरिका नुसत्या उडदाच्या पिठाची. तीत तांदूळ नाहीं. तिखटपणास मिरीं घातलेलीं आहेत. मिरची असणें शक्यच नव्हतें, कारण ती अमेरिका खंडांतील वनस्पति असून पोर्तुगीज आल्यावरच या देशीं आली. नांव टिकलें आणि वस्तु बदलली, याचें हें एक उत्तम उदाहरण होय.

याच्या उलट उदाहरण जिलबीचें. सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या ‘भावप्रकाशां’त या पक्वान्नास ‘कुंडलिनी’ असें डौलदार संस्कृत नांव आहे. तेवढ्यावरून पदार्थ वेदकाळचा ठरत नाहीं. ‘जिलबी’ हा शब्द अरबी ‘झलाबिया’पासून निघालेला आहे, म्हणजे पदार्थ अगोदर बाजारांत आला व पंडितांनीं त्याच्या आकारावरून त्यास मागाहून संस्कृत नांव दिलें. जिलबीच्या पूर्वपीठिकेचा शोध कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं हस्तलिखितांच्या आधारें केला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या पोथ्या संभाळतां संभाळतां त्यांनीं खाद्यपेयांच्या इतिहासावर जे लेख लिहिले, ते या विषयाचा पाया होत. रघुनाथ गणेश नवहस्त याचा ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ सतराव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांतला, हेंही त्यांनींच दाखविलें. इडरिकेनें एक धडा दिला व कुंडलिनीनें दुसरा: जुनें नांव हा जुन्या वस्तूचा पुरावा नव्हे, आणि संस्कृत नांव हा जुनेपणाचा पुरावा नव्हे.

हे ग्रंथ राजाच्या अथवा शास्त्री-वैद्यांच्या दृष्टीनें लिहिलेले. गोरगरीब काय खात, हें सांगण्याचें त्यांना प्रयोजन नव्हतें. त्या दृष्टीनें म्हाइंभटाचें ‘लीळाचरित्र’ अधिक मोलाचें आहे. शके १२०० च्या सुमाराच्या या गद्य ग्रंथांत आरोगणा, व्याळी, उपहार हे शब्द पानोपानीं भेटतात. श्रीचक्रधरांच्या आठवणी सांगतां सांगतां कोणी काय रांधलें, कोणी काय आणलें, भिक्षेंत काय मिळालें, हें सहज येऊन जातें. लेखकाच्या मनांत आहाराचा इतिहास लिहावयाचा नव्हता, म्हणूनच त्याची साक्ष विश्वासार्ह. सहज आलेला उल्लेख हा मुद्दाम केलेल्या वर्णनापेक्षां बलवत्तर, हा न्याय संशोधकांच्या परिचयाचाच आहे.

शिवकाळांत आल्यावर दोन साक्षी एकमेकींशेजारीं ठेवण्याजोग्या आहेत. राज्याभिषेकाच्या सुमारास रचलेल्या ‘राज्यव्यवहारकोशां’त दहा वर्ग आहेत. त्यांपैकीं एक भोग्यवर्ग आणि शेवटचा पण्यवर्ग. खाण्यापिण्याचे व बाजाराचे शब्द हे राजव्यवहाराचेच शब्द होत, असें कोशकारानें मानलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. दुसरी साक्ष परक्याची. १६७४ सालीं हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रजांचा वकील रायगडीं आला होता. त्या वकिलातीची हकीकत डॉक्टर जॉन फ्रायर याच्या १६९८ सालीं छापलेल्या प्रवासवर्णनांत आहे. तेथील लोकांचें आवडतें अन्न म्हणजे डाळ-तांदूळ एकत्र करून स्निग्धांत शिजविलेली खिचडी, असें तो सांगतो. इंग्रजांना मांस पुरविणाऱ्या खाटकाची गोष्टही त्यानें दिली आहे. या पाहुण्यांनीं थोड्या दिवसांत जितकें मांस संपविलें तितकें त्याचें कित्येक वर्षांत खपलें नव्हतें. तेव्हां हे खाणारे आहेत तरी कोण, हें पाहावयास तो म्हातारा गड चढून आला! राज्याभिषेकाच्या सोहळ्याच्या वर्णनांतून गडावरच्या रोजच्या अन्नाची जी कल्पना येत नाहीं, ती या एका खाटकाच्या कुतूहलानें येते.

यापुढचा पुरावा मोडी दप्तरांचा. रोजकीर्द, खतावणी, तेरीज व ताळेबंद यांची भाषा कोरडी खरी; पण तींत खोटें बोलण्यास लेखकाला कारण क्वचितच असे. कोठीच्या कागदांवरून जिन्नस व वजनमाप कळतें. मुदपाकांत त्याचें काय झालें, हें कळत नाहीं. पोथींत पदार्थ कळतो, पण दर कळत नाहीं. म्हणून दोन्ही एकत्र वाचावीं लागतात. वाचतांना मापांविषयीं सावध असावें. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण व वीस मणांची खंडी हें कोष्टक सर्वांस पाठ असतें; परंतु शेर गांवोगांव निराळा असल्यानें एका कसब्याचा दर दुसऱ्या कसब्याच्या दराशीं डोळे मिटून ताडून पाहतां येत नाहीं. पेठेच्या शेटे-महाजनांच्या हक्कांत ‘शेव-फसकी’ येते. फसकी म्हणजे विक्रीस आलेल्या मालांतून घ्यावयाची मूठ. असल्या हक्कांचे तंटे वतनाचे म्हणून जपले गेले आहेत; पण कोणकोणत्या मालावर मूठ घ्यावयाची, याची याद त्या तंट्यांत असेल तर ती यादच त्या पेठेच्या बाजाराचें चित्र होय. वतनाचा अभ्यासक ती ओळ सोडून पुढें जातो, आणि आमच्या मतें नेमकें तेथेंच थांबावयास हवें. ना. गो. चापेकर यांनीं १९३७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘पेशवाईच्या सावलींत’ या पुस्तकानें हिशेबी कागदांतून समाजाचें जीवन कसें उभें करतां येतें, तें दाखवून दिलें आहे. त्या वाटेनें पुढें जाणारे मात्र थोडे निघाले.

पुण्याचेंच उदाहरण घ्या. भाजीचा बाजार पूर्वीं शनिवारवाड्यापुढील उघड्या मैदानांत भरे. नारायण विष्णु जोशी यांचें ‘पुणे शहराचें वर्णन’ १८६८ सालीं निघालें, तें त्या जुन्या काळांतलें. पुढें शुक्रवार पेठेंत अष्टकोनी मनोऱ्याची नवी इमारत झाली व १८८६ पासून बाजार तेथें गेला. गव्हर्नर लॉर्ड रे याच्या नांवावरून तिला रे मार्केट म्हणत. हा पैसा शिक्षणाकडे लावावा असें म्हणून नगरपालिकेचे सभासद जोतीराव फुले यांनीं या खर्चास विरोध केला होता. आणि पुढें आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें त्याच इमारतीस महात्मा फुले मंडई हें नांव मिळालें. इमारतीचा इतिहास असा सांगतां येतो. पण तिच्या आंतल्या पाट्यांचा? मार्गशीर्षांत मंडईंत पाऊल टाकावें तों चाकवत, चंदनबटवा, अंबाडी, शेपू व माठ यांच्या जुड्या, हिरव्या हरभऱ्याचे डहाळे, पावट्याच्या शेंगा, आणि शेजारींच बटाटा, कोबी, टोमॅटो व मिरची. पहिली रांग येथल्या मातींत फार जुनी. दुसरी परदेशांतून आलेली. ‘बटाटा’ व ‘कोबी’ हे शब्दच पोर्तुगीजांचे, जसा ‘पाव’ त्यांचा. दोन्ही रांगा विकणारी बाई एकच, पिशवी एकच, आणि संध्याकाळीं भाजीही एकाच कढईंत. त्या रांगा एकमेकींजवळ केव्हां आल्या, या प्रश्नाचें उत्तर इमारतीच्या दगडांत नाहीं. भाजीपाल्याच्या खर्चाच्या तारीखवार बंदांत आहे.

घरच्या दोन साध्या पदार्थांवर हीच कसोटी लावून पाहावी. थालिपिठाच्या भाजणींत ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहूं, हरभरा, उडीद, धने व जिरें असतात. हे सर्व जिन्नस या देशीं प्राचीन काळापासून आहेत. मिरची वगळली तर यादवकाळच्या गृहिणीलाही ही भाजणी दळणें अशक्य नव्हतें. पोथींत नांव सांपडत नाहीं म्हणून पदार्थच नव्हता, असें म्हणतां येणार नाहीं; चुलीवर रोज जें होतें तें लिहून ठेवण्याची कोणास गरज वाटत नसते. आतां साबुदाण्याची खिचडी घ्या. एकादशीच्या ताटांत हिच्याइतकी प्रतिष्ठा दुसऱ्या कशास नाहीं. तींतील बटाटा, भुईमूग व मिरची हीं तिन्ही मूळचीं अमेरिकेचीं. साबुदाणा पूर्वीं मलायाकडील ताडासारख्या झाडाच्या गाभ्याचा येई. आज या देशीं होतो तो टॅपिओकाच्या कंदाचा, आणि तो कंदही अमेरिकेचाच. तूप, जिरें व मीठ तेवढें आपलें! उपवासाचा नियम जुना. पण त्या नियमाचें ताट बाजारानें नवें केलें. यांत कोणास खेद वाटण्याचें कारण नाहीं. नियमांत धान्य वर्ज्य होतें. नवा कंद धान्य नव्हे, म्हणून तो चालला. परंपरा ही बंद कोठी नसून तिला बाजाराकडे उघडणारें दार असतें, एवढाच याचा अर्थ.

आजकाल अमुक पदार्थ अस्सल, तमुक परका, अमका या जातीचा, तमका त्या प्रांताचा, असे वाद मोठ्या आवेशानें घातले जातात. दोन्ही पक्ष नांवांवर भांडतात, आणि जिनसांचे कागद रद्दींत जातात. ही हानि केवळ जिज्ञासेची नव्हे. पुरावा नाहींसा झाला म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचें खरें ठरतें. आणि ज्यांच्या चुलीचा कागद मुळांतच थोडा, ते कुणबी, माळी, कोळी व कामकरी इतिहासांतून दुसऱ्यांदां उपाशी उठतात.

छापील साधनांत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, विशेषतः १८५७ ची दुसरी आवृत्ति, हाताशीं असावा. बाजाराचे व चुलीचे पुष्कळ शब्द त्यांत अर्थासह नोंदले आहेत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचें, व लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० चें. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. पण या पुस्तकांच्या अलीकडे-पलीकडे एक मोठें हस्तलिखित वाङ्मय आहे, त्यास पोथी म्हणण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. तें म्हणजे घरोघरच्या बायकांच्या वह्या. शाळेच्या वहीच्या कोऱ्या पानांवर, दिनदर्शिकेच्या पाठीवर, किराण्याच्या चिठ्ठीवर लिहिलेले लाडू, चकल्या, लोणचीं व पानग्या. तेथें मापें वाटी, ओंजळ, चिमूट व ‘अंदाजानें’ अशीं; हाशियावर “हे वन्सं करतात तसे” असा शेरा. आई-मुलीच्या हस्ताक्षरांत फरक दिसतो, गुळाच्या जागीं साखर येते, चुलीच्या जागीं स्टोव्ह येतो. पाठभेद, प्रक्षेप व लेखनकाल यांचे जे नियम आपण पोथ्यांस लावतों, ते सर्व येथें लागूं पडतात.

घराबाहेरच्या साध्या जेवणाचीही हीच गोष्ट. मुंबईच्या गिरण्यांत कोंकणांतून व घाटावरून एकटे आलेले कामगार ज्या खानावळींत जेवत, त्या पुष्कळशा बायका आपल्या खोलींतच चालवीत. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून अशा बायकांना संघटित केलें. त्या खानावळींच्या महिन्याच्या खात्यांच्या वह्या, उपाहारगृहांचे दरपत्रक, वाण्याच्या उधारीचीं पानें हीं दोन पिढ्यांनंतर रोजकीर्दींइतकींच दुर्मिळ होतील.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी. रुमाल फोडतांना किरकोळ खर्चाचे बंद वेगळे फेंकूं नयेत. ज्या क्रमानें बांधलेले सांपडतील त्याच क्रमानें राखावे. गांव, घराणें व रुमालाचा ठिकाणा टिपून ठेवावा, कारण ठिकाण हरवलें कीं शेराचें मापही हरवतें. जिन्नस, माप, दर व मिति अशा चार रकान्यांत त्यांची याद केली तरी पुरे. घरांतील वहीची एक प्रत छायाचित्रानें उतरून घ्यावी, आणि लिहिणारीची संमति असल्यास तिचें नांव व माहेरचें गांव पहिल्या पानावर लिहावें. पुष्कळ रीति माहेराहून आलेल्या असतात. हें काम दिसावयास लहान आहे. परंतु ज्या दिवशीं एखाद्या कसब्याच्या शंभर वर्षांच्या भाजीपाल्याची याद सलग लागेल, त्या दिवशीं मिरची आपल्या फोडणींत केव्हां शिरली, हें आपणांस तर्कानें न सांगतां मितीनें सांगतां येईल.