इमारतीच्या भिंतीवर व्हिडिओ आर्ट: कला कुठे संपते, जाहिरात कुठे सुरू होते?

पुनावळ्यातल्या उंच टॉवरची खिडक्या नसलेली बाजू दिसली की बहुतेकांना तिथे जाहिरातच सुचते. जगात मात्र अशा भिंतींचा आणखी एक वापर गेली चाळीसेक वर्षं होतो आहे. कलाकार त्यांच्यावर प्रोजेक्टरने हलती चित्रं सोडतात आणि रस्त्यावरचा कोणीही ती तिकीट न काढता पाहतो.

यातलं एक तंत्र म्हणजे प्रोजेक्शन मॅपिंग. इमारतीचे फोटो किंवा लेझर स्कॅन घेऊन संगणकावर तिचा साचा तयार करतात. खिडक्या, गॅलऱ्या, खांब कुठे आहेत ते पाहून चित्र त्यावर बेततात. म्हणूनच खांब वितळतोय किंवा भिंत उघडतेय असा भास होतो.

उजेड पुरतो का?

20,000 ल्युमेनचा मोठा प्रोजेक्टर 30 मीटर रुंद आणि 20 मीटर उंच भिंतीवर सोडला, तर 600 चौरस मीटरमध्ये तो उजेड वाटला जातो. हिशेब येतो सुमारे 33 लक्स, म्हणजे चांगले दिवे असलेल्या हमरस्त्याइतकाच. त्यामुळे एक तर आसपासचे दिवे मंद करावे लागतात किंवा अनेक प्रोजेक्टर लावावे लागतात. भिंत फिकट रंगाची हवी. काचेची चकचकीत इमारत यासाठी जवळपास निरुपयोगी, कारण उजेड आरपार जातो किंवा भलतीकडे परावर्तित होतो.

सुरुवात कुठून झाली?

पोलंडमध्ये जन्मलेले कलाकार क्षिश्तोफ वोदिच्को यांनी 1985 मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातल्या साउथ आफ्रिका हाउसवर स्वस्तिकाचं नाझी चिन्ह प्रोजेक्ट केलं. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी सरकारवरची ती टीका होती. पोलिसांनी ते थांबवलं, पण इमारत कोणाची आहे यावरच चित्राचा अर्थ ठरतो, हे तेव्हा दिसलं. तेच चिन्ह दुसऱ्या भिंतीवर असतं, तर अर्थ वेगळा झाला असता.

मुंबईच्या नलिनी मालानी या माध्यमातल्या भारतातल्या आद्य कलाकारांपैकी एक. त्यांच्या ‘युटोपिया’मध्ये दोन फिल्म शेजारी-शेजारी चालतात. 1969 ची रंगीत फिल्म स्वप्नातल्या घरांची, तर 1976 च्या कृष्णधवल फिल्ममध्ये एक तरुणी उंचावरून मुंबईतल्या वस्तीकडे पाहते. टॉवर आणि गावठाण एकाच रस्त्यावर असलेल्या पुनावळ्यात हे फार समजावून सांगावं लागणार नाही. ‘युटोपिया’ गॅलरीत दाखवली जाते. त्यांचं ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ मात्र 2014 मध्ये एडिनबरात स्कॉटिश नॅशनल गॅलरीच्या बाहेरच्या भिंतीवर झळकलं.

व्हिडिओ नसलेला, पण याच जातकुळीचा एक प्रयोग 2005 मध्ये मुंबईच्या फोर्टमध्ये, जीपीओजवळच्या चौकात झाला. अशोक सुकुमारन यांनी आजूबाजूच्या इमारतींवर लग्नमंडपात असतात तशा दिव्यांच्या माळा लावल्या आणि रस्त्यावर हाताने फिरवायचा एक दांडा ठेवला. येणारा-जाणारा तो फिरवायचा आणि उजेड इमारतींवरून पुढे सरकायचा. महागड्या प्रोजेक्टरपेक्षा हे कितीतरी जास्त ‘सार्वजनिक’ म्हणावं लागेल.

मग वाद कशावरून होतो?

सिडनीत 2009 पासून ‘व्हिविड’ महोत्सवात ऑपेरा हाउसच्या छतावर कलाकृती झळकतात. लोक आवडीने जातात. पण ऑक्टोबर 2018 मध्ये त्याच छतावर घोड्यांच्या शर्यतीचा प्रचार दाखवायचं ठरलं, तेव्हा विरोधातल्या याचिकेवर अडीच लाखांहून अधिक सह्या झाल्या. प्रचार सुरू असताना लोकांनी तो पुसट करायला टॉर्च मारले.

पिंपरी-चिंचवडमध्ये हा प्रश्न अजून नाजूक आहे. पुनावळ्यापासून जवळच किवळे इथे 17 एप्रिल 2023 रोजी वादळात होर्डिंग कोसळून 5 जणांचा मृत्यू झाला. उजेड कोणाच्या अंगावर पडत नाही, हा प्रोजेक्शनचा फायदा खरा. पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 244 आणि 245 नुसार आकाशचिन्ह आणि जाहिरातीला आयुक्तांची लेखी परवानगी लागते. चित्राच्या कोपऱ्यात बिल्डरचा लोगो आला, की ती कला आहे हे पटवून देणं अवघड होईल.

शिवाय टॉवरच्या भिंतीमागे लोक राहतात. सोसायटीची संमती, खिडक्यांवर उजेड पडू नये म्हणून चित्रात ठेवलेले काळे चौकोन आणि रात्री बंद करायची वेळ, एवढं तरी आधी ठरवावं लागतं.